उसातलं भूत आणि पडद्यावरचं

वारणानगरात भुताला राहायला जागा नाही. यामागे अंधश्रद्धा निर्मूलनाचं कार्य वगैरे काही नाही. अडचण जागेची आणि वेळेची आहे. भुताच्या कामाची वेळ रात्री बारा ते पहाटे चार. गळीत हंगामात नेमकी त्याच वेळेला इथे कारखान्याची पाळी बदलत असते, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, ड्रायव्हर शेकोटीभोवती चहा पीत असतात आणि मळीचा वास हवेत असा भरलेला असतो की कुठलाही आत्मा आपोआप मुक्त व्हावा. हे सगळं जरा शांत होतंय तोवर दुधाच्या गाड्या सुरू होतात. बिचाऱ्याला एकटा माणूस सापडायचा कधी?

तात्यासाहेब कोरे यांनी माळावर हे नगर वसवलं तेव्हा साखर कारखाना, दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजं, अगदी लहान मुलांच्या वाद्यवृंदापर्यंत सगळ्याची सोय झाली. पडकी हवेली तेवढी राहून गेली. पुढे 1998 मध्ये खोऱ्यातली 70 गावं संगणकाने जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. इंटरनेट म्हणजे काय हे शहरातले लोक एकमेकांना विचारत होते, तेव्हा आमच्याकडे उसाची नोंद संगणकावर बघायची भाषा चालू झाली होती. असल्या गावात भुताने टिकायचं कसं?

तरीही भुताचे पिक्चर बघण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. वारणा खोऱ्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर 'सगळ्यात भीतिदायक पिक्चर कुठला' एवढा प्रश्न टाकावा आणि बाजूला व्हावं. रात्रीचं जेवण गार होईपर्यंत वाद मिटत नाही. म्हातारी मंडळी 'महल'वर अडून बसतात, पन्नाशीतले रामसे बंधूंचा झेंडा घेतात, कॉलेजची पोरं इंग्रजी नावं सांगतात आणि ती कुणालाच नीट ऐकू येत नाहीत.

आमच्या जिल्ह्याचा या विषयावर हक्कही जुना आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला तो 1920 साली. त्यातला भीमाने केलेला कीचकाचा वध लोकांना इतका खरा वाटला की थेटरात किंकाळ्या उठल्या, काहींना भोवळ आली असं सांगतात, आणि शेवटी तो प्रसंग कापावा लागला. मूकपट होता, हे ध्यानात घ्या. आवाज नाही, रंग नाही, तरी माणसं आडवी. कोल्हापूरकराने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती अशी घेतो.

आमची पिढी घडली ती मात्र रामसे बंधूंच्या हाताखाली. गणपतीत रस्त्यावर आडवा पडदा लागायचा, निम्मा गाव पुढे आणि निम्मा मागे. मागे बसणाऱ्यांना हवेलीचं दार उलट्या बाजूला दिसायचं, भूतही उलट्या बाजूने यायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत 'सामरी डावीकडनं आला का उजवीकडनं' यावर मारामाऱ्या व्हायच्या आणि दोन्ही बाजू खऱ्या असायच्या. 'पुराना मंदिर' 1984 चा, 'वीराना' 1988 चा, 'बंद दरवाजा' 1990 चा; पण गावात पोचेपर्यंत सगळे एकाच वयाचे झालेले असायचे.

रामसेंचं घर म्हणजे अख्खा कारखानाच होता. सात भाऊ. एक कॅमेऱ्यामागे, एक आवाजाकडे, दोघं दिग्दर्शनाला, बाकीचे लागेल तिथे. 'दो गज जमीन के नीचे' 1972 मध्ये त्यांनी महाबळेश्वरला जाऊन उरकला. त्यांना हा मार्ग सापडला तोही मजेशीर. आधीच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' या पिक्चरमध्ये पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. पिक्चर पडला, पण लोक तेवढा प्रसंग बघायला येतात आणि उठून जातात, हे या भावांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी म्हटलं, तेवढंच करू की! असा धडधडीत व्यवहारी निर्णय सहकारातसुद्धा क्वचित होतो.

'पुराना मंदिर'मधला तो सामरी, म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, हा रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. हे मला मोठेपणी कळलं आणि त्या पिक्चरचा उरलासुरला धाकही गेला. इतका शिकलेला माणूस हवेलीत फिरतोय, त्याला छताची अवस्था दिसत नसेल? भिंतीला ओल आलीय, जिना हलतोय, झुंबर कधीही पडेल. तो माणसांच्या अंगावर धावून येतो तो त्यांना बाहेर काढायला येत असणार, असं मला हल्ली वाटतं.

आमचे आबा रामसेंच्या भुताला कधीच भ्यायले नाहीत. त्यांचा आक्षेप महसुली होता. "एवढी मोठी हवेली. सातबाऱ्यावर कुणाचं नाव हाय? वारस किती? पडीक का ठेवलीय?" आबांच्या मते ज्या वास्तूची वाटणी झालेली नाही तिथे भूत असूच शकत नाही, कारण भाऊबंद त्याला राहू देणार नाहीत. गंमत बघा, जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरांनी आबांचंच म्हणणं खरं केलंय. 'वो कौन थी'मध्ये (1964) पांढऱ्या साडीतली बाई पावसात उभी राहते, गाणं म्हणते, डॉक्टरला वेड लागायची पाळी येते, आणि शेवटी निघतं काय, तर इस्टेट. आमच्या आत्तींनी तो बघून एवढंच म्हटलं, "भूत असतं तर बरं झालं असतं. भूत कोर्टात जात न्हाई."

आता मुद्द्याचं. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. कपाट उघडलं आणि मांजर अंगावर आलं की कुणीही दचकतं. पण त्याचा पिक्चरशी संबंध नाही, तो मांजराचा गुण आहे. ही युक्ती 1942 च्या 'कॅट पीपल' या अमेरिकी पिक्चरने रुजवली. रात्री बाई एकटी चाललीय, मागे कुणीतरी येतंय, आता झडप पडणार, आणि फिस्सकन आवाज करत समोर बस थांबते. एवढंच. बघणारे खुर्चीतून उडाले. तेव्हापासून आजवर हजार पिक्चरवाल्यांनी ती बस चालवली आहे. प्रवासी उतरून गेले तरी यांची फेरी चालूच. दचकलेला माणूस दोन मिनिटांनी शेंगदाणे खायला लागतो. भ्यालेला माणूस शेंगदाण्याची पुडी घरी नेतो आणि सकाळी ती उशाखाली सापडते.

खरं भिववणाऱ्यांनी दाखवण्यात नेहमी हात आखडता घेतला, काहींनी नाइलाजाने. 'जॉज'चा (1975) यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. मग स्पीलबर्गने मासा दाखवायचाच टाळला. नुसतं पाणी, नुसतं संगीत. मासा धड चालला असता तर पिक्चर पडला असता, असं माझं मत आहे. 'सायको'मधल्या (1960) न्हाणीघरातल्या खुनाला हिचकॉकला संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमनने तरी ते व्हायोलिन करवतलं आणि जगातल्या निम्म्या बायकांनी न्हाणीघराला आतून कडी लावायला सुरुवात केली. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. हे ऐकून आत्ती म्हणाल्या, "नासाडी."

आपल्याकडे लहान मुलांचा थरकाप उडवला तो 'झपाटलेला'ने, 1993 मध्ये. त्यातला तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बाहुला; अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'चा लांबचा नातेवाईक, पण बोलायला कितीतरी खमंग. पिक्चर विनोदी आहे, लक्ष्मीकांत बेर्डे आहे, मोठी माणसं पोट धरून हसतात. आणि त्या गर्दीत एक सहा वर्षांचं पोर गप्प बसून असतं, कारण त्याच्या घरी शोकेसमध्ये तेवढ्याच उंचीचा बाहुला बसलाय आणि त्याच्यासमोर अंथरूण पडणार आहे, हे फक्त त्यालाच आठवतंय. त्या वर्षी आमच्या पाहुण्यांत कितीतरी बाहुल्या माळ्यावर गेल्या. सामरीसाठी कुणी काही माळ्यावर टाकलं नाही, कारण हवेली कुणाकडेच नव्हती.

सगळी मेख इथे आहे. भुताला पत्ता लागतो, आणि तो पत्ता आपल्या घराजवळचा लागतो. रामगोपाल वर्माने हे ओळखलं. त्याच्या 'भूत'मध्ये (2003) हवेली नाही, गाणी नाहीत, धुकं नाही. मुंबईतल्या उंच इमारतीतला एक फ्लॅट, भाडेकरू नवरा-बायको, लिफ्ट, वॉचमन. ऊर्मिला मातोंडकर मध्यरात्री टीव्ही बघत बसते, आणि टीव्हीसमोर बसणारी बाई तर प्रत्येक घरात असते. राही अनिल बर्वेच्या 'तुंबाड'मध्ये (2018) सोन्याच्या मोहरा आहेत, हस्तर आहे, तळघर आहे. पण मला त्यातलं सगळ्यात अंगावर आलं ते कणीक मळणं. हस्तरला गळाला लावायला कणकेची बाहुली नेतात. परात, पाणी, पीठ, म्हणजे रोज संध्याकाळचं दृश्य. आणि पावसाळी वाड्यातली ती साखळदंडातली म्हातारी! खाटेवर पडलेली, खायला मागणारी म्हातारी कुठल्या घरात नव्हती? 'तुंबाड' 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. लोक भीतीची उधारी फेडायला गेले असणार.

पण वारणाकाठाला जो पिक्चर लागला तो 'लपाछपी'. 2017, दिग्दर्शक विशाल फुरिया. गोष्ट साधी: कर्ज झालेला नवरा, पोटुशी बायको, लपायला म्हणून ड्रायव्हरच्या गावचं घर. आणि ते घर कुठे? उसाच्या मध्यभागी. चारी बाजूंनी पुरुष-दीड पुरुष उंचीचा ऊस. शहरातल्या लोकांना ते बघून गुदमरलं म्हणे. आमच्याकडे आधी वेगळीच चर्चा झाली. पूजा सावंतची नेहा जिवाच्या आकांताने उसातून पळतेय, पोरं तिची वाट अडवतायत, आणि आबा पडद्याजवळ तोंड नेऊन उसाची जात विचारतात, "ह्यो 86032 हाय का 265?"

कुणीतरी म्हणालं, "आबा, ती मरायला लागलीया."

"मरंल न्हाईतर काय! सरी बघ की केवढीशी. साडेचार फुटी सरी असती, पट्टा पद्धतीनं लावला असता, तर सरळ बाहीर पडली असती. आनि पाला कुणी काढलाय? नुसती गचपण!"

खोडवा आहे की लागण, याच्यावर पाच मिनिटं गेली. नेहाच्या जिवाचं काय झालं ते मागे नेऊन परत बघावं लागलं.

आणि त्या रात्री थ्री फेज लाईट बाराला येणार होती. खालच्या पट्टीला पाणी पाजायचं होतं. आबांनी गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, जरा कळ येतीय, आज राहू दे. एरवी पावसात, विजेच्या कडकडाटात, डोक्यावर पोतं घेऊन जाणारा माणूस. हा गुडघा त्याच्या आधी दुखला नव्हता आणि नंतरही दुखला नाही.

असं का झालं? कारण त्या पिक्चरमध्ये परकं असं काहीच नव्हतं. उषा नाईकने केलेली तुळसाबाई बघा. नखं नाहीत, सुळे नाहीत. नऊवारी, कपाळाला कुंकू, पोटुशी पोरीला प्रेमाने खाऊपिऊ घालणारी. आमच्या चुलत्यांच्या दारात रोज बसलेली असते तीच ही. तिने ताट पुढे केलं की पोटात गोळा येतो, आणि तिच्या हातात शस्त्र नाही, चमचा आहे. पुढे उलगडतं की ही 'मुलगी नको' म्हणणाऱ्या घराची गोष्ट आहे. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 839. पुढे सोनोग्राफी यंत्रांवर पहारा ठेवायला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण बसवायची पाळी याच जिल्ह्यावर आली. पिक्चर संपल्यावर बायका काही बोलल्या नाहीत. आत्तींनी चहाचं आधण ठेवलं आणि साखर घालायला विसरल्या. साखरेच्या गावात.

याच पिक्चरवरून 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' निघाला, त्याच दिग्दर्शकाचा. तोही उसातच. माझी सूचना आहे की बाहेरच्या माणसाने दोन्ही बघण्याआधी एकदा रात्री दोन वाजता उसाच्या बांधावर उभं राहून बघावं. तिकीट लागत नाही.

दिवसा ऊस म्हणजे पीक. रात्री तो नुसता आवाज असतो. वारा आला की पातं पात्यावर घासतं आणि सगळा फड एकदम बोलायला लागतो; त्याची भीती नाही. भीती असते ती वारा पडल्यावर. सगळं थांबतं, आणि एकाच ठिकाणी, चार-पाच सऱ्या आत, काहीतरी करकरत राहतं. हातातल्या बॅटरीचा उजेड पहिल्या पानावरच अडतो. पुढे फक्त ऐकायचं. मग अनुभवी माणूस मनात हिशेब मांडतो. रानडुक्कर असेल तर बांधावर चढायचं. बिबट्या असेल तर मोठ्याने बोलत राहायचं. आणि शेजारचा असेल, पाट फोडून आपलं पाणी त्याच्या रानात वळवत असेल, तर सगळ्यात अवघड, कारण त्याच्याशी उद्या सकाळी डेअरीत रांगेत बोलायचं असतं.

बिबट्याचं खोटं नाही. उसात पाणी आहे, आडोसा आहे, कुत्री-डुकरं आहेत. बिबट्याची मादी उसातच वितेय. तोड सुरू झाली की पाल्यात बछडी सापडतात. मग वन खात्याची माणसं येतात आणि ती बछडी रात्री तिथेच ठेवतात, म्हणजे आई येऊन घेऊन जाईल. मायलेकरांची भेट फार हृद्य असते, कॅमेऱ्यात दिसते, मोबाईलवर फिरते. त्या रात्री शेजारच्या फडाला पाणी कुणी पाजायचं, हा प्रश्न मात्र त्या व्हिडिओत येत नाही.

आणि चकवा. कोकणाकडे मुंज्या, देवचार, गिऱ्हा, नाना प्रकारची सरदार-दरकदार भुतं. आमच्या सपाटीला एकच साधासुधा चकवा. तो दिसत नाही, बोलत नाही, धरत नाही. फक्त वाट फिरवतो. माणूस रात्रभर त्याच बांधाला येऊन लागतो. जाणती माणसं सांगतात, चकवा लागला की बसून राहावं, तांबडं फुटलं की घर शंभर पावलांवर असतं. 1999 मध्ये अमेरिकेत 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' निघाला. तीन पोरं रानात वाट चुकतात, दिवसभर चालतात आणि पहिल्याच ओढ्यावर येतात. भूत शेवटपर्यंत दिसत नाही. जगभर त्याचा केवढा गवगवा झाला! आबांना तो दाखवला तेव्हा ते मध्येच उठले. "चकवा हाय. बसा म्हनावं त्यास्नी खाली." पोरं काही बसली नाहीत.

हे सगळं बघितल्यावर माझ्या मनात बरेच दिवस एक कथानक घोळतंय. अस्सल वारणाकाठचा हॉरर, खर्च कमी. पहिलं दृश्य: अमावास्येची रात्र, कोडोलीकडचा रस्ता, मोटरसायकलवर एकटा माणूस. लांबून गाण्याचा दणका ऐकू येतो. तो जवळ येतो, पण उजेड येत नाही. अचानक हाताच्या अंतरावर, अंधारात, लाल दिवा नसलेली डबल ट्रॉली! इथे मध्यंतर घेतलं तरी चालेल. दुसऱ्या भागात नायक रोज सकाळी उसाकडे बघतो. तोड येत नाही. मुकादमाला फोन लावतो, 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती' वगैरे. उचल घेऊन गेलेली टोळी कुणालाच दिसत नाही. दिवस उलटतात. एका पहाटे धुकं हटतं आणि फडाच्या टोकाला पांढरं काहीतरी हलताना दिसतं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो. उसाला तुरा आलेला असतो.

हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दोघा-तिघांचे चेहरे खरोखर उतरले. एकाने तर खिशातला मोबाईल काढून टोळीला फोन लावून बघितला. कॉलेजच्या एका पोराने शंका काढली, "सगळं बरोबर हाय, पण ह्यात भूत कधी येतंय?"

आबांनी तंबाखू मळता मळता त्याच्याकडे बघितलं.

"भूत कशाला पायजे? मुकादम हाय की."